बुऱ्हाणपूरचे बाकीचे दिवस

बुऱ्हाणपूर हे नाव बहुतेक मराठी वाचकांना एकाच वाक्यातून ठाऊक असतं. राज्याभिषेकानंतर लगेच, १६८१ च्या सुरुवातीला, छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने बुऱ्हाणपुरावर धाड घातली, बहादुरपुऱ्याची श्रीमंत पेठ तीन दिवस लुटली आणि मोगल अधिकाऱ्यांचं काही चाललं नाही. हे वाक्य शाळेत येतं, कादंबऱ्यांत येतं, व्याख्यानांत तर हमखास येतं. ते खरंही आहे. मोगलांच्या दख्खनेतल्या मोहिमांचा पैसा आणि रसद ह्याच गावातून खाली उतरत असे. तिथे घाव घालणं ही स्वराज्याची गरज होती. पण ते तीन दिवस संपले की बुऱ्हाणपूर आपल्या गोष्टीतून नाहीसं होतं. त्याआधी पावणेतीनशे वर्षं आणि त्यानंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षं तिथे माणसं काय करत होती, ह्याची चौकशी आपण करत नाही.

सीमेवरच्या गावांच्या वाट्याला हे नेहमी येतं. राजधानीचा इतिहास तिचे राजे लिहवून घेतात. सीमेवरच्या गावाचा इतिहास लिहितात ते त्याच्यावर चालून आलेले, नाहीतर ते राखू न शकलेले. गावाला त्यात स्वतःचं तोंड नसतं. इतिहास अशा गावाचा फोटो एकदाच काढतो, आणि तोही गाव जळत असताना.

कॅमेरा घेऊन मी एक दिवस बुऱ्हाणपुरात फिरलो तो ह्याच विचाराने. ज्या दिवशी कुणी चालून आलं नव्हतं अशा दिवसांची काही खूण दगडविटांत सापडते का, हे मला बघायचं होतं.

भुसावळहून रेल्वेने निघालं तर रावेर मागे पडल्यावर थोड्याच वेळात महाराष्ट्र संपतो, पण गाडीत बसलेल्या माणसाला ते कळतही नाही. काळी जमीन तीच, केळीच्या बागा त्याच, आणि बुऱ्हाणपूरचं स्टेशनसुद्धा मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागातलंच. आजची राज्यांची सीमा त्या मानाने अलीकडची. ह्या गावाला सीमेवर आणून ठेवलं ते तिच्या कितीतरी आधी, सातपुड्याने आणि तापीने. उत्तरेकडून दख्खनेत उतरायचं तर असीरगडाजवळची खिंड ओलांडायची आणि पुढे तापी उतरायची. त्या दोहोंच्या मध्ये हे गाव आहे. त्यामुळे दख्खनेवर निघालेल्या कितीतरी फौजांचा इथे मुक्काम पडला. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेऊन खानदेशच्या फारुकी राजांची सत्ता संपवली. पुढे मोगल शहजादे सुभेदार म्हणून इथे राहिले. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये निजामाने हे गाव पेशव्यांना दिलं, मग ते शिंद्यांकडे गेलं, १८०३ मध्ये इंग्रजी फौज आली आणि १८६० मध्ये इंग्रजी अंमल कायमचा झाला. इतक्या वेळा हात बदलले. गाव मात्र हललं नाही.

सकाळी राजघाटावर उभं राहिलं की शाही किल्ला समोर येतो. तापीच्या पात्रातूनच वर चढत गेलेली भिंत, तिच्यातल्या कमानी, वरचे पडके सज्जे. बुऱ्हाणपुराच्या प्रत्येक माहितीपुस्तिकेवर हा फोटो असतो आणि तो मीही काढला; सकाळचं ऊन अंगावर आलेली ती भिंत टाळून पुढे जाणं अवघड आहे. पण आत गेल्यावर कळतं की नदीकडून इतका भरभक्कम दिसणारा हा किल्ला आत बराचसा ढासळला आहे. फारुकींनी बांधलेला, मोगलांनी वाढवलेला हा वाडा आता मुख्यतः त्याच्या हमामखान्यासाठी बघितला जातो. तिथलं छत बघण्यासारखं आहे, आणि निवांत बघण्यासारखं. गिलाव्यावर काढलेली वेलबुट्टी, फुलांच्या चौकटी, मध्ये मध्ये उडालेले पोपडे, आणि अजून टिकून असलेला लालसर, हिरवट रंग. मान वर करून थोडा वेळ थांबलं की डोळे सरावतात आणि आधी न दिसलेल्या रेघा उमटायला लागतात. कॅमेरा फरशीवर उताणा ठेवून जास्त वेळ उघडा ठेवला, तर डोळ्यांना दिसतं त्याहून जास्त त्याला दिसतं.

इथेच मार्गदर्शक एका आकृतीकडे बोट दाखवतात आणि ती ताजमहालासारखी दिसते म्हणून सांगतात. गावात कुणाशीही बोला, ताजमहाल इथेच व्हायचा होता, हे ऐकायला मिळतंच. मुमताजमहल बुऱ्हाणपुरात वारली, १७ जून १६३१ रोजी, चौदाव्या बाळंतपणात. तिला तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत, आहुखान्यात, तात्पुरतं दफन केलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचं शव आग्र्याला नेलं. इतकं नक्की. पण ह्या दुःखद घटनेवरून बुऱ्हाणपुराला ‘न झालेला ताज’ ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. त्यामुळे गावात असलेल्या सगळ्या वस्तू गावात नसलेल्या एका वस्तूच्या मापाने मोजल्या जातात. मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजे रहीम, ह्याचा मुलगा शाहनवाजखान, त्याची कबर उतावळी नदीकाठी आहे. देखणी, घडीव इमारत. तिलाही लोक ‘काळा ताज’ म्हणतात. तिचं स्वतःचं रूप बघायला मग कोण थांबणार? सीमेवरच्या गावावर असंही एक आक्रमण होतं, राजधानीच्या कीर्तीचं, आणि ती कीर्ती मग गावच स्वतःच्या तोंडाने सांगू लागतं.

ह्या दोन्ही गोष्टींना, लुटीला आणि ताजला, उत्तर देणारी वास्तू गांधी चौकात भर बाजारात उभी आहे. जामा मशीद. फारुकी राजा आदिलशाहने, म्हणजे राजा अलीखानाने, १५८९-९० च्या सुमारास ती पुरी केली. दोन उंच मिनार, मध्ये दगडी कमानींची लांब रांग, आणि समोर फळवाल्यांच्या गाड्या, रिक्षा, विजेच्या तारांचं जाळं. कुठूनही उभं राहा, तारा चौकटीत येतातच. मी त्या येऊ दिल्या.

राखणदारांना विचारून, नमाजाची वेळ सोडून, आत गेलो. “कोणता लेख बघायचाय, भाऊ?” त्यांनी विचारलं, आणि मी सांगायच्या आत स्वतःच पुढे चालू लागले. नमाजाच्या दालनात अरबी लेखाबरोबर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. नागरी अक्षरात. शाळेत बाराखडी शिकलेलं कुठलंही मराठी मूल बोट ठेवून त्यातली अक्षरं लावू शकेल. सृष्टीच्या कर्त्याला नमन करून तो सुरू होतो, फारुकी राजांची वंशावळ सांगतो, आणि मशिदीची मिती देतो ती संवत १६४६, शके १५११ अशी, तिथी-नक्षत्रासह, आपल्या पंचांगाच्या रीतीने. कमानींतून येणारा तिरपा उजेड त्या ओळींवर पडला होता. मी लेन्स जवळ नेली. शेकडो वर्षं हात लागून, चुना लागून, झटकला-पुसला जाऊन काही अक्षरांच्या कडा बोथट झाल्या आहेत, तरी मात्रा, वेलांट्या, काने सुटे दिसतात. पाथरवटाला अरबी वळणांची सवय असो की नागरीची, हात कुठे डळमळलेला दिसत नाही.

ह्या लेखाला सलोख्याचं चिन्ह म्हणून मिरवण्याची घाई होऊ शकते. मला त्यात जास्त साधी आणि म्हणून जास्त मोलाची गोष्ट दिसते. एका राजाने आपल्या गावातली सर्वांत मोठी इमारत बांधली आणि ती कधी, कुणी बांधली हे आपल्या गावातल्या सगळ्या वाचणाऱ्यांना कळावं अशी सोय केली. गावात अरबी वाचणारे होते, संस्कृत वाचणारे होते, शके मोजणारे होते, संवत मोजणारेही होते. ही माणसं धाडीच्या वर्णनात दिसत नाहीत. असीरगडावरच्या मशिदीतही असा संस्कृत लेख आहे, म्हणजे ही एखाद्या दिवसाची लहर नव्हती. आणि त्याच जामा मशिदीवर, राजा अलीखानाच्या लेखानंतर अकराएक वर्षांनी, अकबराच्या विजयाचा फारसी लेखही कोरला गेला. बांधणाऱ्याचा लेख आणि जिंकणाऱ्याचा लेख एकाच इमारतीवर. जिंकणाऱ्याने आधीचा लेख पुसला नाही, ह्याचीही नोंद करायला हवी.

वेशींचं फार सांगत नाही. गावाचा विटांचा कोट १७३१ मध्ये निजामुल्मुल्क आसफजाहने बांधला. त्याच्या शनवारा, शिकारपुरा, लोहारमंडी ह्या दरवाजांची नावं आजही रिक्षावाले पत्त्यासारखी वापरतात. दरवाजे उभे आहेत, त्यांतून ट्रक जातात, फोटो बरे येतात. ह्या रस्त्यांच्या आतल्या बाजूला यंत्रमागांचा खडखडाट सतत चालू असतो. तो कॅमेऱ्यात येत नाही, आणि विणकाम हाच ह्या गावाचा जुना व्यवसाय आहे. सतराव्या शतकात इथे येऊन गेलेल्या ताव्हेर्निए ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवलंय की इथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान, कैरोपर्यंत जाते. त्याच्या आधी, १६१५ मध्ये, इंग्रज वकील टॉमस रो शहजादा परवेझला भेटायला इथे आला, तेव्हा त्याला मात्र शहजाद्याचा आणि काही सरदारांचा वाडा सोडला तर मातीची घरंच दिसली. दोघंही खरं सांगत होते. पोलंडपर्यंत जाणारं कापड मातीच्या घरांत विणलं जात होतं. विणणाऱ्यांची घरं उरली नाहीत; म्हणून ‘ऐतिहासिक स्थळं’ म्हणून जी यादी आपल्या हातात पडते तिच्यात विणकरांचं एकही घर नसतं. स्मारकांचे फोटो काढताना हे सारखं ध्यानात ठेवावं लागतं: दगडाने बांधायची ऐपत ज्याची होती तोच चौकटीत येतो.

म्हणूनच मला बुऱ्हाणपुराची सर्वांत मोठी वास्तू कुंडी भंडारा वाटते. तिला दर्शनी भाग नाही. गावाबाहेर सपाट रानात थोड्या थोड्या अंतरावर विहिरींची गोल तोंडं दिसतात, एका ओळीत, दूर सातपुड्याच्या दिशेने गेलेली. एवढंच. अकबर-जहांगिराचा सरदार, हिंदी दोह्यांचा कवी अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना, १६१५ च्या सुमारास, त्याने एका इराणी तज्ज्ञाकडून ही योजना करून घेतली. सातपुड्यावर पडलेलं पावसाचं पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत जातं. ते वाटेतच एका भुयारात गोळा करायचं, भुयाराला अगदी बेताचा उतार द्यायचा, आणि हवा-उजेडासाठी व गाळ काढण्यासाठी ठराविक अंतरावर कुंड्या खोदायच्या. पाणी आपल्या वजनाने वाहत जाळी करंज ह्या साठवणीच्या जागी येतं आणि तिथून पूर्वी मातीच्या नळांनी गावात खेळवलं जाई. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. आणि सीमेवरच्या गावाच्या दृष्टीने मोलाचं म्हणजे हे पाणी जमिनीखाली आहे. नदी अडवून किंवा नासवून वेढा घालणाऱ्याला ते सहजी तोडता येत नाही.

एका कुंडीत आता लिफ्टने उतरता येतं. लोखंडी पाळणा खाली जाऊ लागला की वरचा उन्हाचा गोल लहान होत जातो आणि अंगाला गारवा लागतो. तळाशी पाणी घोट्याच्या वर येतं, थंडगार आणि इतकं नितळ की पायाची बोटं मोजावीत. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर क्षार साचून पांढरे, गुळगुळीत थर चढले आहेत; कुठे ते पदरासारखे लोंबतात, कुठे मिठाच्या ढेपेसारखे फुगले आहेत. पलीकडच्या कुंडीतून पडलेला उजेडाचा खांब भुयारात लांबवर दिसतो, त्याच्या पुढे अंधार, मग पुन्हा एक फिकट खांब. मी मोबाइलची बत्ती बंद करायला लावली आणि तेवढ्या उजेडावर फोटो घेतला. पाणी वाहतंय हे त्यात दिसत नाही. कान देऊन ऐकावं लागतं.

तिथे उभं असताना मला सारखी आठवण येत होती ती मलिक अंबरची. रहीमची उमेदीची कितीतरी वर्षं दख्खनेत निजामशाहीशी आणि तिच्या ह्या हबशी वजिराशी लढण्यात गेली. आणि ह्याच दशकात मलिक अंबरने आपल्या खडकीत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी खोदली: तेच तत्त्व, तसंच भुयार, तशाच हवेच्या विहिरी. सीमेच्या दोन्ही बाजूंचे वैरी एकाच वेळी आपापल्या गावाला पाणी देत होते, आणि त्यासाठी लागणारं ज्ञान एकाच कुळातलं होतं. त्यांच्या लढायांची वर्णनं पानंच्या पानं आहेत. त्यांनी दिलेलं पाणी आपल्या इतिहासाच्या पुस्तकात एखाद्या ओळीत आटोपतं. कुंडी भंडाऱ्याचं नाव २०२४ मध्ये भारताने युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत दिलं, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. बुऱ्हाणपुरात अशा एकूण आठ पाणीयोजना होत्या; त्यांपैकी किती आटल्या, किती बुजल्या, त्यांच्यावर काय बांधलं गेलं, ह्याकडेही त्या निमित्ताने लक्ष जावं.

दुपार कलल्यावर मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीकडे गेलो. पुरंदरच्या तहातले जयसिंग. १६६५ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांना तह करायला लावला, पुढच्या वर्षी महाराज आग्र्याहून निसटले, आणि दख्खनेतून परत बोलावलेले जयसिंग १६६७ च्या ऑगस्टात बुऱ्हाणपुरात वारले. मराठी पुस्तकांतून ते पुरंदरनंतर हळूहळू पुसट होत जातात. त्यांचा शेवट कुठे झाला, हे तापीकाठच्या त्या खांबांपाशी उभं राहिल्यावर एकदम जवळचं होतं. बुऱ्हाणपुरात असं सारखं होतं. आपल्या गोष्टीतली अर्धी सोडलेली माणसं इथे भेटतात. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना इथे थांबले. त्यांच्या मुक्कामाच्या जागी आज गुरुद्वारा आहे. ह्या गावाला ज्यांचं नाव मिळालं ते सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब आपल्या खुलताबादेत विसावले आहेत, आणि झैनाबादला ज्यांचं नाव आहे ते झैनुद्दीन शिराझीही तिथेच. त्या झैनुद्दीनांच्या दर्ग्यातच औरंगजेबाची कबर आहे. गावाला कोट घालणारा निजामुल्मुल्क १७४८ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारला आणि पुरला गेला तोही खुलताबादला. नकाशावर रेघ मारून ह्या दोन गावांची दोन राज्यं झाली, पण एकाचा पत्ता दुसऱ्याला विचारल्याशिवाय लागत नाही.

आता पुन्हा त्या धाडीकडे. तिच्याबद्दल मोगल इतिहासकार खाफीखानाने एक गोष्ट लिहून ठेवली आहे, जी आपल्या व्याख्यानांत सहसा येत नाही. लूट झाल्यावर बुऱ्हाणपुरातल्या प्रतिष्ठितांनी आणि धर्मशास्त्र्यांनी औरंगजेबाला लिहिलं की आमचं, आमच्या मालमत्तेचं असं होणार असेल तर आम्ही जुम्म्याची नमाज बंद करू. जुम्म्याच्या नमाजात बादशहाच्या नावाने खुतबा वाचतात. तो बंद करणं म्हणजे तुझी सत्ता आम्ही मानत नाही, हे बादशहाला तोंडावर सांगणं. सीमेवरच्या गावाचा स्वतःचा आवाज कागदावर उमटलाय असा हा दुर्मीळ क्षण. तो धाड घालणाऱ्याच्या विरुद्ध जितका आहे, तितकाच राखणाऱ्याच्याही विरुद्ध आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात आला, तिथून औरंगाबादेला गेला, आणि पुन्हा कधी उत्तरेत परतला नाही. मराठ्यांचं सत्तावीस वर्षांचं स्वातंत्र्ययुद्ध बुऱ्हाणपुराच्या वेशीतून दख्खनेत उतरलं, असं म्हटलं तरी चालेल. तेव्हा हे गाव आपल्या इतिहासात एका ओळीचं नाही. आपण त्याला एका ओळीत बसवलंय.

संभाजीराजांचा पराक्रम ह्याने तसूभरही उणा होत नाही. उलट, कुठल्या गावावर त्यांनी हात घातला, ते किती मोठं, किती जुनं, किती गजबजलेलं होतं हे कळलं की त्या धाडसाचं वजन जास्त कळतं. बहादरपूर, म्हणजे तेव्हाचा बहादुरपुरा, आज साधं गाव आहे, बुऱ्हाणपुराला लागून. जगभरचा माल जिथे विकला जात होता त्या पेठेत मी संध्याकाळी गेलो. दुकानं, शाळा, देऊळ, मशीद, कट्ट्यावर बसलेली माणसं. धाडीची खूण सांगणारं काही मला तिथे दिसलं नाही. मी कट्ट्यावरच्या लोकांचा, त्यांना विचारून, एक फोटो काढला. माझ्या दिवसभराच्या फोटोंत तो मला किल्ल्याच्या भिंतीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

जळगाव, रावेर, भुसावळ, मुक्ताईनगरच्या शाळांना माझी विनंती आहे: सहल दूर नेण्याआधी एकदा बुऱ्हाणपूरला न्या. मुलांना जामा मशिदीतला संस्कृत लेख स्वतः वाचू द्या आणि कुंडी भंडाऱ्यात पाय बुडवू द्या. जे फोटो काढतात त्यांनी फक्त राजघाटावरून किल्ला काढून परतू नये. आहुखान्याच्या उघड्या पडलेल्या भिंती, हमामाच्या छताचे सुटलेले पोपडे, रानातल्या कुंड्यांची तोंडं ह्यांचे फोटो तारीख घालून जपून ठेवावेत, आणि पुढच्या वर्षी जाऊन त्याच जागेवरून पुन्हा काढावेत. काय पडलं आणि कधी पडलं, ह्याचा पुरावा त्यातूनच उभा राहील.